उन्हाळ्यातला माळ मेलेला नसतो

वऱ्हाडातला मे महिना म्हणजे दुपारी दारे-खिडक्या लावून कूलरसमोर बसण्याचा महिना. अकोला आणि अमरावतीचा पारा ४५ अंशांच्या आसपास रेंगाळतो, कधी त्याच्याही वर जातो. अशा दिवसांत गावाबाहेरच्या माळाकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. बसच्या खिडकीतून दिसलाच तर दिसतात पिवळे पडलेले कुसळ गवत, बोरीची काटेरी झुडपे, तापलेले दगड, एखादा हिवर आणि जागोजागी रुई. 'पडीक आहे सारे' एवढे म्हणून माणूस मान फिरवतो. सरकारी कागदांची भाषाही फार वेगळी नसते.

वैद्यकशास्त्रात एक साधा नियम आहे. माणूस निपचित पडला म्हणून तो मेला असे म्हणता येत नाही. नाडी पाहावी लागते, छातीला स्टेथोस्कोप लावावा लागतो, डोळ्यांच्या बाहुल्यांवर प्रकाश टाकून पाहावा लागतो. विषबाधेचा किंवा थंडीने गारठलेला रुग्ण कधी कधी मेल्यासारखा दिसतो आणि उपचारांनी उठून बसतो. म्हणून तपासणी आधी, दाखला नंतर. माळाच्या बाबतीत मात्र उलटा कारभार चालतो. दाखला आधीच तयार असतो, तपासायला कोणी जात नाही.

ही तपासणी अवघड नाही. त्यासाठी दोन तास आणि एक सकाळ पुरते. अमरावतीहून चांदूर रेल्वेच्या दिशेने निघाले की छत्री तलावाच्या पुढे पोहरा-मालखेडचे जंगल आणि त्याच्या कडेचा झुडपी माळ लागतो. अकोलेकरांना पातूर रस्त्यावरचा कापशी तलावाचा परिसर आहे, थोडे पुढे जायची तयारी असेल तर काटेपूर्णा अभयारण्याकडचा भाग आहे. आणि एवढेही लांब जायला नको. वऱ्हाडातल्या बहुतेक गावांना ई-क्लासची, म्हणजे गुरे चारायची सरकारी जमीन असते. तिथेही चालते.

मेच्या मध्यात सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवतो. त्याआधी माळावर पोहोचावे. अंधुक उजेडात डोळ्यांना काही दिसत नसते तेव्हा कान कामाला येतात. पहिली हाक बहुधा तितराची असते, झुडपाखालून येणारी, घाईची, चढत्या सुराची. मग दूरच्या झाडावरून पावशा सुरू होतो. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला त्यात 'पेर्ते व्हा, पेर्ते व्हा' ऐकू येते. याच पक्ष्याला हिंदुस्थानात आलेल्या इंग्रजांनी 'ब्रेन फीवर बर्ड', म्हणजे मेंदूज्वराचा पक्षी, असे नाव दिले. उन्हाने हैराण झालेल्या साहेबाला त्या एकसारख्या चढत जाणाऱ्या सुरात ताप ऐकू आला आणि इथल्या कास्तकाराला पेरणी. पक्षी एकच, पण ऐकणारा कशाची वाट पाहतो आहे यावर अर्थ ठरला.

उजाडले की चंडोल दिसू लागतात. मातकट रंगाचा, डोक्यावर तुरा असलेला चंडोल ढेकळावर बसला तर ढेकूळच वाटतो. त्याचा छोटा भाऊबंद डोंबारी चंडोल मात्र लपत नाही. नर सरळ वर चढतो, पंख मिटून दगडासारखा खाली येतो, जमिनीला टेकणार असे वाटताच पुन्हा वर उसळतो. डोंबाऱ्याचे खेळ पाहिलेल्या माणसांनी त्याला नाव अगदी नेमके दिले आहे. मध्येच एखादी कापशी घार हवेत एकाच जागी पंख फडफडवत थांबते आणि उंदरावर झेप घेते. शेताच्या कडेला ही घार असणे म्हणजे बिनपगारी राखणदार असणे.

हे सारे पाहत थांबलेल्या माणसाला माळावर एक प्रश्न हमखास विचारला जातो. गुरे घेऊन आलेला म्हातारा काठी टेकवून म्हणतो, "काय पायता जी भाऊ? सारं तं वायून गेलं." आणि चार पावले पुढे गेल्यावर तोच हात आडवा करतो, "पाय जपून ठेवा जी, टिटवीचे अंडे हायेत तिथं." तोंडाने तो माळाला वाळलेला म्हणतो, पण पाय कुठे ठेवायचा नाही हे त्याला ठाऊक असते. माळाची नाडी रोज पाहणारा माणूस तोच आहे.

ती अंडी दाखवल्याशिवाय दिसत नाहीत. घरटे म्हणजे जमिनीतला उथळ खळगा आणि भोवती थोडे खडे. त्यात बहुधा चार अंडी, खड्यांच्याच रंगाची. पिवळ्या गाठीची माळटिटवी ऐन उन्हाळ्यात, सावली नसलेल्या जागी अंडी घालते. तिथे तिचे काम अंडी उबवण्यापेक्षा ती गार ठेवण्याचे असते. दुपारी उघडी जमीन हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते. त्या उष्णतेत अंडे काही वेळ उघडे राहिले तरी आतला जीव वाचणे कठीण होते. टिटवी अंड्यांवर उभी राहून सावली धरते. जवळ पाणी असेल तर पोटाची पिसे भिजवून येते आणि त्या ओलाव्याने अंड्यांचा ताप उतरवते. तापाच्या रुग्णाच्या कपाळावर ओली घडी ठेवण्याचाच हा प्रकार. पखुर्डी, जिला भाटतितरही म्हणतात, ती आणखी पुढे जाते. नराच्या पोटाची पिसे पाणी धरून ठेवतात. तो पाणवठ्यावर पोट भिजवतो, उडत पिलांपर्यंत येतो आणि पिले त्या पिसांतून पाणी पितात.

उन्हाशी झगडण्याची माणसाची रीत वेगळी आहे. पक्ष्यांना घामाच्या ग्रंथी नसतात. ते चोच उघडी टाकून, घशाची त्वचा थरथरवून पाणी बाहेर टाकतात आणि शरीर गार ठेवतात. माणूस घामावर अवलंबून असतो. घामासाठी पाणी आणि मीठ लागते, आणि घाम वाळला तरच त्वचा गार होते. पाणी संपले, घाम थांबला आणि शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर गेले की माणूस बरळू लागतो, त्याची शुद्ध हरपते. हा उष्माघात. दुपारी १२ वाजता माळावर एकही चंडोल हालचाल करताना दिसत नाही, सारे झुडपांच्या सावलीत चोच उघडून बसलेले असतात. माळावर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या जिवांनी दुपार सावलीत काढायची ठरवली आहे. बांधकामावर, रस्त्याच्या कामावर भर दुपारी माणसे राबवणाऱ्यांनी यातून काही घेतले तर दवाखान्यांवरचा ताण कमी होईल.

माळावरचे सर्वात गजबजलेले ठिकाण म्हणजे रुईचे झाड. बाकी सारे करपलेले असताना रुई हिरवी आणि फुललेली असते. सकाळी सातच्या सुमारास तिच्याजवळ दहा मिनिटे उभे राहावे. मोठा काळा भुंगा गुणगुणत येतो, जांभळट फुलांवर वजन टाकून बसतो आणि परागाच्या इवल्या पिशव्या पायांना अडकवून दुसऱ्या झाडाकडे नेतो. रुईचे परागीभवन करायला असे दणकट किडेच लागतात. पानांखाली पाहिले तर पांढऱ्या, काळ्या, पिवळ्या पट्ट्यांची अळी दिसते. तिचे पुढे नारिंगी पंखांचे, काळ्या-पांढऱ्या किनारीचे प्लेन टायगर फुलपाखरू होते.

या अळीचा आणि वैद्यकाचा जवळचा संबंध आहे. रुईच्या चिकात हृदयावर परिणाम करणारी विषद्रव्ये असतात. अळी ती पचवते, त्यातली काही अंगात साठवते आणि त्यामुळे पक्ष्यांना ती आणि तिचे फुलपाखरू कडवट लागते. एकदा चव घेतलेला पक्षी त्या रंगाच्या वाटेला जात नाही. या भीतीचा फायदा घेणारे दुसरे एक फुलपाखरूही आहे. त्याची मादी विषारी नसते, पण रंग हुबेहूब प्लेन टायगरचे घेते. रुईतल्या द्रव्यांच्याच कुळातले औषध डॉक्टर हृदयरोगात वापरतात, ते म्हणजे डिजॉक्सिन. त्याचा उगम फॉक्सग्लोव्ह या युरोपातल्या रानवनस्पतीत आहे. विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरने १७८५ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले आणि औषधाची मात्रा व विषाची मात्रा यांत किती थोडे अंतर आहे हे स्वतःच्या रुग्णांच्या नोंदींतून दाखवले. तिकडच्या उजाड जागीही उगवणाऱ्या एका रोपातून हृदयाचे औषध आले. म्हणून एखाद्या जागेला निरुपयोगी म्हणण्याआधी थांबावे.

इथे एक ताकीद आवश्यक आहे. वर लिहिलेले वाचून रुईचा कोणताही घरगुती उपाय करू नये. मारुतीला रुईच्या पानांची माळ करताना चिकाचा हात डोळ्याला लागतो आणि काही तासांनी दिसणे धूसर होते, अशा तक्रारी घेऊन माणसे डोळ्यांच्या डॉक्टरकडे येतात. सुरुवातीला दुखत नाही म्हणून दुर्लक्ष होते. चीक डोळ्यात गेला तर लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा आणि त्याच दिवशी डॉक्टरला दाखवावा.

आता नजर जमिनीकडे. मुंग्यांच्या बिळाभोवती तुसाचे कडे दिसते. गवताचे बी सोलून आत नेले, टरफल बाहेर टाकले. मऊ मातीत नरसाळ्यासारखे छोटे खड्डे दिसतात. प्रत्येकाच्या तळाशी एक कीटकअळी जबडे उघडून मुंगी घसरण्याची वाट पाहत असते. वाळलेल्या शेणाच्या गोवरीखाली वाळवी काम करते आणि काडीकचऱ्याची माती करते. आणि ज्या गवताला वाळलेले म्हटले, त्याचा फक्त वरचा भाग वाळलेला असतो. मारवेल, पवन्या, कुसळ ही बहुवर्षायू गवते आहेत. त्यांचे खोड जमिनीलगत आणि मुळे खोलवर जिवंत असतात. पहिल्या पावसानंतर आठवडाभरात माळ हिरवा होतो तो आभाळातून बी पडल्यामुळे नव्हे. तो जिवंतच असतो, खर्च कमी करून बसलेला असतो.

मृग लागला आणि पहिली सर पडली की याच जमिनीतून लाल मखमली मृगकिडा वर येतो. मुलांच्या कौतुकाचा हा जीव खरे तर कीटक नाही. त्याला आठ पाय असतात, तो कोळ्यांच्या गोतावळ्यातला. पुढे पावसाळ्यात गवत कमरेला लागते तेव्हा या भागातल्या काही माळांवर तणमोर येतो. नर गवतातून सरळ वर उडी घेतो, खाली येतो, पुन्हा उडी घेतो, दिवसातून शेकडो वेळा. जगात आता फार थोडे तणमोर उरले आहेत. तो अतिसंकटग्रस्त पक्ष्यांच्या यादीत आहे. अकोला-वाशीम पट्ट्यातल्या फासेपारधी समाजातल्या माणसांनी आपल्या गावाजवळचे माळ राखून तणमोराला जागा ठेवण्याचे काम केले आहे. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या शिकारी म्हणून हिणवले गेले, त्यांनीच माळाची खरी किंमत ओळखली.

मेलेला समजून विसरलेल्या जिवाचे सर्वात मोठे उदाहरणही याच मुलखातले आहे. रानपिंगळा हे छोटे घुबड १८७३ मध्ये शास्त्राला ठाऊक झाले आणि १८८४ नंतर कोणाला सापडले नाही. सलग ११३ वर्षे ते नामशेष मानले गेले. नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ते शहाद्याजवळच्या सातपुड्यात दिसले, तेही भर दिवसा. नंतर अमरावती जिल्ह्यातल्या मेळघाटातही त्याची चांगली वस्ती आढळली. इतकी वर्षे ते का सापडले नाही? एक कारण कागदातले आहे. रिचर्ड माइनर्टझाहागेन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने संग्रहालयातून चोरलेल्या जुन्या नमुन्याला १९१४ सालची, गुजरातमधली खोटी चिठ्ठी लावली होती. शोधणारे त्या चिठ्ठीवर विसंबून चुकीच्या जागी शोधत राहिले. रासमुसेन यांनी ती लबाडी उघड केली, जुन्या खऱ्या नमुन्यांच्या जागा तपासल्या आणि तिथे जाऊन पाहिले. केसपेपरवरची नोंद चुकीची असेल तर निदान चुकते, आणि ते सुधारायचे तर रुग्णाला पुन्हा तपासावे लागते.

माळाच्या केसपेपरवरही अशीच एक चुकीची नोंद आहे. देशाच्या पडीक जमिनींचा जो नकाशासंग्रह सरकार प्रसिद्ध करते, त्यात झुडपी जमीन हा पडीक जमिनीचाच एक प्रकार म्हणून मोजला जातो. एम. डी. मधुसूदन आणि अबी वनक या संशोधकांनी उपग्रहचित्रांवरून देशातल्या माळरानांसारख्या खुल्या नैसर्गिक परिसंस्थांचे नकाशे तयार केले. त्यांच्या अंदाजाप्रमाणे अशी जमीन देशाच्या किमान १० टक्के आहे आणि तिचा ५ टक्क्यांहूनही कमी भाग संरक्षित क्षेत्रांत येतो. म्हणजे वाघासाठी जंगल राखले, पाणपक्ष्यांसाठी तलाव राखले, पण चंडोल, माळटिटवी, पखुर्डी आणि तणमोर यांच्या घराला नावच 'पडीक' दिले.

पूर्व विदर्भातल्या झुडपी जंगलाचा वाद सर्वांना ठाऊक आहे. सुमारे ८६ हजार हेक्टरांचा हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये निकाली काढला आणि ही जमीन वनजमीन म्हणून धरली जावी असे सांगितले. खंडपीठाचे प्रमुख होते तेव्हाचे सरन्यायाधीश, अमरावतीचे भूषण गवई. तो निकाल नागपूर विभागातल्या जिल्ह्यांचा आहे. वऱ्हाडातल्या ई-क्लास जमिनीला तो आपोआप लागू होत नाही. इथे माळ वाचवायचा असेल तर ते काम गावाला आणि जिल्ह्यालाच करावे लागेल.

सर्वात मोठा धोका वाईट माणसांकडून नाही, चांगल्या हेतूने आलेल्यांकडून आहे. दर जुलैत माळावर खड्डे खणले जातात, गिरिपुष्प आणि सुबाभूळ लावली जाते, फोटो निघतात. झाडे लावणे पुण्याचे आहे याबद्दल वाद नाही. वऱ्हाडातली शहरे, रस्ते, शाळा, दवाखान्यांची आवारे सावलीला आसुसलेली आहेत. तिथे हजारो झाडे हवीत. पण नैसर्गिक माळावर दाट झाडी उभी केली की खालचे गवत जाते, गवताबरोबर टोळ आणि किडे जातात, त्यांच्याबरोबर चंडोल जातो आणि गुराख्याचा चाराही जातो. निरोगी माणसावर शस्त्रक्रिया करण्यासारखे हे आहे. हेतू चांगला असला तरी निदान चुकलेले असते.

याचा माणसाच्या प्रकृतीशी काय संबंध, असे कोणी विचारेल. पहिला संबंध सरळ आहे. मधुमेह आणि रक्तदाबाच्या प्रत्येक रुग्णाला 'रोज चाला' असे सांगितले जाते. देशात मधुमेही १० कोटींहून अधिक आहेत. पण चालायचे कुठे? शहरात फुटपाथ नाही, रस्त्यावर वाहने आणि धूर. गावाबाहेरचा माळ ही फुकट मिळणारी, मोकळ्या हवेची जागा आहे. आणि चालणे टिकते ते त्यात काही गोडी असली तरच. कालचे टिटवीचे अंडे आज फुटले का हे पाहायला माणूस उत्साहाने जातो, वजनकाट्याच्या भीतीने तितक्या उत्साहाने जात नाही.

याला अभ्यासांचाही आधार आहे. २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या सुमारे २० हजार लोकांच्या पाहणीत असे दिसले की आठवड्यात किमान १२० मिनिटे निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली प्रकृती आणि समाधान अधिक चांगले असल्याचे सांगितले. २०२२ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी १,२९२ जणांच्या मोबाइलवरील नोंदी तपासल्या. पक्षी दिसला किंवा ऐकू आला की मन बरे वाटते आणि तो परिणाम काही तास, आठ तासांपर्यंतही टिकतो, असे त्यांना आढळले. नैराश्याचे निदान झालेल्यांतही तसेच दिसले. अशा पाहण्यांवरून कार्यकारण पक्के सिद्ध होत नाही हे खरे. पक्षी पाहणे हे गोळीच्या जागी घ्यायचे औषध नव्हे, चालू गोळी बंद करू नये. पण ज्याचा खर्च शून्य आणि अपाय नगण्य, असा उपाय सांगायला डॉक्टरांनी संकोच करू नये.

दुसरा संबंध वऱ्हाडाच्या दुखऱ्या जागेशी आहे. इथे किडा म्हटले की हात फवारणीच्या पंपाकडे जातो. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. अकोला, अमरावतीतही रुग्ण दाखल झाले. त्यामागे अनेक कारणे होती आणि फक्त माळ राखल्याने ती सुटणार नाहीत. तरीही बहुतेक किडे शत्रू नसतात, काही शेतकऱ्याच्या बाजूने लढतात, हे ज्याने लहानपणी माळावर पाहिले आहे तो पंप उचलण्यापूर्वी एकदा पान उलटून पाहील. कोणता किडा मारायचा आणि कोणता राखायचा हे ओळखणे हीही आरोग्यशिक्षणाचीच गोष्ट आहे.

माळ निव्वळ सुखाचा आहे असे मात्र नाही. २०१८ च्या पावसाळ्यात विदर्भात स्क्रब टायफसचे रुग्ण वाढले, मृत्यूही झाले. झुडपे-गवतातल्या अतिसूक्ष्म माइटच्या पिलांच्या चाव्याने हा ताप येतो. मृगकिड्याचाच हा दूरचा नातेवाईक. रानात गेल्यानंतर आठ-पंधरा दिवसांत ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू झाली आणि अंगावर सिगारेटच्या चटक्यासारखा काळा डाग दिसला तर 'मी गवतात गेलो होतो' हे डॉक्टरला आवर्जून सांगावे. वेळेत ओळखला तर डॉक्सीसायक्लिनसारख्या स्वस्त औषधाने तो बरा होतो. माळावर फुरसे आणि घोणसही असतात. साप चावला तर आवळून बांधू नये, कापू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. अवयव न हलवता थेट सरकारी रुग्णालय गाठावे, प्रतिसर्पविष तिथे मोफत मिळते.

भीती वाटून घरी बसण्याचे कारण नाही, तयारीने जाण्याचे आहे. उन्हाळ्यात सूर्योदयाला निघावे, आठच्या आत परतावे. घोटा झाकणारे बूट घालावेत. ज्या मधुमेहींच्या तळपायाची संवेदना कमी झाली आहे त्यांनी चपलेवर माळावर जाऊच नये, कारण काटा रुतलेला कळत नाही आणि त्याची जखम होते. घरी आल्यावर तळपाय आरशात पाहावेत. इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी निघू नये, खिशात साखर ठेवावी. लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर उन्हाळ्यात मात्रा बदलायची का, हे आधी डॉक्टरला विचारावे. प्रत्येकी एक लिटर पाणी, डोक्याला दुपट्टा, आणि शक्य असेल तर सोबतीला कोणी. चालण्याचा अर्धा वेळ भरभर चालावे, अर्धा थांबून पाहावे. अंड्यांजवळ फार रेंगाळू नये, कारण तेवढा वेळ टिटवी उडालेली असते आणि अंडी उन्हात असतात. दुर्बीण नसली तरी चालते. एक वही असावी.

त्या वहीत वऱ्हाडाचे हित आहे. ई-क्लास जमीन असलेल्या प्रत्येक गावाच्या शाळेने मेमध्ये एकदा आणि पाऊस पडल्यावर एकदा माळावर फेरी काढावी आणि दिसेल ते लिहून ठेवावे. पक्ष्यांची मराठी नावे आपल्या भाषेत भरपूर आहेत. मेळघाटात नोकरी केलेल्या मारुती चितमपल्ली यांचा पक्षिकोश ग्रंथालयात असतो, तो मुलांच्या हातात द्यावा. गुराख्याला वर्गात पाहुणा म्हणून बोलवावे. ग्रामसभेत ई-क्लास जमिनीच्या वापराचा ठराव येईल तेव्हा ती वही टेबलावर ठेवावी. प्लॉट पाडायचे, कचरा टाकायचा, की झाडांचे खड्डे खणायचे, हे ठरण्याआधी तिथे आज कोण राहते एवढे तरी वाचले जाईल. वन विभागाने आणि सामाजिक संस्थांनी वृक्षलागवडीची जागा निवडताना पहिला प्रश्न हा विचारावा, की इथे पूर्वी झाडी होती की हा मुळातच माळ आहे? मुळातच माळ असेल तर झाडे गावठाणात, शाळेच्या आवारात, बाजारात लावावीत, जिथे माणसे उन्हात उभी असतात.

मे संपत आला की आफ्रिकेकडून वाऱ्याबरोबर आलेला चातक माळाच्या कडेला दिसू लागतो. त्याला माळ मेलेला वाटत नाही, तो पावसाच्या हिशेबाने येतो. टिटवीची पिले तोवर कापसाच्या बोंडासारखी धावू लागलेली असतात, धोका दिसला की खड्यांत खडा होऊन बसतात. दुपारच्या बसमधून जाणाऱ्याला अजूनही पिवळा, दगडाळ, ओसाड तुकडाच दिसतो. सकाळी साडेपाचला तिथे गेलेल्या माणसाने ठोके ऐकलेले असतात. त्याने ते ग्रामसभेत सांगावेत.